आईच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण: पठाणकोट, १९७१ (प्रकल्प नोंदी)

११ मे २०२५, इंदूर

आजपासून काम सुरू. डिसेंबर १९७१ च्या युद्धात आई पठाणकोटच्या लष्करी रुग्णालयात होती. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट, वय चोवीस. आम्हा भावंडांना हे माहीत होतं, पण एवढंच. घरी एकाहत्तरचा विषय निघाला की मामा बोलायचे, बाबा बोलायचे, शेजारचे निवृत्त सुभेदार काका बोलायचे. आई चहा टाकायला आत जायची.

गेल्या बुधवारी, ७ मेच्या संध्याकाळी, शहरात ब्लॅकआउटचा सराव झाला. आम्ही नुसते दिवे घालवून बसलो होतो. आई उठली, कपाटातून जाड चादर काढली, खिडकीला लावली आणि चारही कडांवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "उजेड मधून नाही फुटत, कडेनं फुटतो." पुढचे तीन दिवस बातम्यांत पठाणकोटचं नाव येत होतं. दहा तारखेला शस्त्रसंधी झाली आणि आज सकाळी पोहे खाताना ती आपण होऊन म्हणाली, "आता सांगते. लिहून घे, नाही तर त्या फोनमध्ये भरून घे."

तिचा आवाज पूर्ण जपायचा आणि ती ज्याला हो म्हणेल तेवढं इतरांना ऐकवायचं, असं ठरवून निघाले आहे. कालक्रम, विषय, काय आधी, काय नंतर, हे तिच्यावर सोडणार.

१८ मे

तयारी. लेकीने तिच्या फोनवर रेकॉर्डिंगची व्यवस्था लावून दिली: डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ लहान होते, पण ती करताना आवाजातला काही भाग कायमचा जातो. मूळ फाइल मोठीच ठेवायची, ऐकवायला हवी तर तिच्यावरून लहान प्रत काढायची. कॉलरला लावायचा छोटा माइक घेतला. आईच्या साडीला तो पदराच्या जरा खाली, छातीच्या मध्यावर लावला तर आवाज स्वच्छ येतो. खांद्यापाशी लावला की पदराची सळसळ येते.

जागा: मागची खोली. लोकमान्य नगरात आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, म्हणून सकाळ बाद. दुपारी चारनंतर बसायचं. पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे या उकाड्यात एका बैठकीला चाळीस मिनिटांच्या वर नाही. फ्रिजची घरघर भिंतीतून येत होती. तेवढा वेळ फ्रिजही बंद.

फाइलच्या नावात आधी तारीख, मग 'आई', मग बैठकीचा क्रमांक. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक पुण्याला दादाकडे. तिन्ही एकाच घरात असल्या तर एका गळतीत तिन्ही जातील.

२५ मे

पहिली बैठक. आई एकाहत्तरपासून सुरू करेल असं मला वाटत होतं. तिने सुरुवात केली ती रतलाम स्टेशनापासून. इंदूरहून मीटरगेजच्या गाडीने रतलाम, तिथून फ्रंटियर मेलने अमृतसर, मग पठाणकोट. सोबत काळी पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि आजीने दिलेला दशम्यांचा डबा. गाडीच्या डब्यात बायका मुलं घेऊन बसल्या होत्या, त्या विचारायच्या, "बेटी, सासरी चाललीस का?" ती म्हणायची, "ड्यूटीवर."

मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. गप्प राहणं जड जातं, विशेषतः ती थांबते तेव्हा. पण ती थांबते आणि त्यानंतर जे सांगते ते आधीपेक्षा बारीक असतं.

पार्श्वभूमी म्हणून माझी टीप. भारतात लष्करी परिचारिका आल्या त्या १८८८ साली, मुंबई बंदरात उतरलेल्या ब्रिटिश नर्सेसच्या पहिल्या छोट्या तुकडीसोबत. १९२६ मध्ये इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमस्वरूपी उभी राहिली आणि १९४३ च्या वटहुकमाने त्यांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. म्हणजे पुण्यातलं प्रशिक्षण संपवून आई पठाणकोटला पोहोचली ती अधिकारी म्हणून. वॉर्डात मात्र सगळे 'सिस्टर'च म्हणायचे. मराठी जवान पहिले दोन दिवस 'सिस्टर' आणि तिसऱ्या दिवसापासून 'ताई'.

१ जून

३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. दिवेलागणीची वेळ. पाकिस्तानी विमानांनी त्या संध्याकाळी श्रीनगर, अवंतीपूर, अमृतसर, पठाणकोट अशा तळांवर हल्ला केला. आई तेव्हा ड्रेसिंगची ट्रॉली लावत होती. पहिला आवाज तिला दार आपटल्यासारखा वाटला. दुसऱ्या आवाजाला ट्रॉलीवरच्या किडनी ट्रे एकमेकांवर वाजल्या आणि मग सायरन झाला.

सायरन तिने तोंडाने काढून दाखवला. धोक्याचा म्हणजे वर-खाली, वर-खाली होणारा. मोकळीक झाल्याचा म्हणजे एकाच सुरात लांबलेला. ऐकताना माझी लेक दारात उभी राहिली होती, ती आत येऊन बसली.

हिंडते-फिरते पेशंट खंदकात गेले. मांडीचं हाड मोडलेले, थॉमस स्प्लिंटमध्ये पाय ताणून बांधलेले, ते कुठे जाणार? ते तिथेच राहिले आणि त्यांच्याजवळ ड्यूटीवरच्या सिस्टरही राहिल्या. खाटा खिडकीपासून ओढून भिंतीच्या आतल्या अंगाला आणल्या. काचांवर कागदाच्या पट्ट्या आधीच चिकटवलेल्या होत्या, त्यावर काळा कागद, त्यावर कांबळी. आत टॉर्च, तिच्या काचेवर लाल कागद. "लाल उजेडात रक्त दिसत नाही," आई म्हणाली. "पांढऱ्या पट्टीवर लाल डाग लाल उजेडात पुसटच होतो. म्हणून हात लावून बघायचं. ओलं लागलं की कळायचं."

हे वाक्य मी तीनदा ऐकलं. युद्धावरचं कुठलंही पुस्तक वाचून मला हे कळलं नसतं.

मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधींचं भाषण रेडिओवर लागलं. वॉर्डातला एकच ट्रान्झिस्टर, आवाज बारीक करून, खाटेखाटेपाशी फिरवला. आईने स्वतः भाषण ऐकलं नाही, ती इंजेक्शनं भरत होती.

१५ जून

आजची बैठक सगळ्यात लांबली. तीच थांबेना.

युद्धातली जखम पहिल्या दिवशी शिवत नाहीत, हे मला आज कळलं. गोळी किंवा तुकडा आत जाताना कपड्याचे धागे, माती, शेतातलं खत, सगळं आत नेतो. वरून शिवून टाकलं तर आत हवा नसलेल्या जागी जंतू वाढतात आणि गॅस गँगरीन होतो. म्हणून सर्जन मेलेलं मांस कापून काढायचे, जखम उघडी ठेवायचे, आत गॉज भरायचे आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ती लाल, स्वच्छ दिसली तरच टाके घालायचे. मधल्या दिवसांत लक्ष ठेवायचं काम सिस्टरांचं. आईने माझं मनगट धरलं आणि वर बोटं दाबत नेली. "जखमेच्या भोवती असं दाबायचं. आत गॅस झाला असेल तर बोटाखाली चरचरतं. आणि वास येतो, गोडसर. तो वास आला की धावत सुटायचं डॉक्टरांकडे."

पेनिसिलिन दर सहा तासांनी. पूड बाटलीत, डिस्टिल्ड वॉटर घालून हलवायचं. सिरिंज काचेच्या, स्टरिलायझरमध्ये उकळायच्या. वीज गेली की केरोसिनच्या स्टोव्हवर. आणि सुया. सुया तेव्हा फेकून देत नसत. बोथट झाली की बारीक दगडावर तेल घालून घासायची. मग टोक कापसातून ओढायचं. तंतू अडकला तर टोकाला आकडा राहिलाय, पुन्हा घास. रात्रपाळीत जरा उसंत मिळाली की आई आणि तिच्याबरोबरची केरळची सिस्टर समोरासमोर बसून सुया घासायच्या. "त्या पोरांना दिवसाला चार वेळा टोचायचं होतं. आकडा असलेली सुई बाहेर येताना कातडं ओढते. तेवढं तरी आपल्या हातात होतं ना."

जखमींबरोबर कार्ड यायचं, दोरीने बटणाला बांधलेलं. नाव, नंबर, काय झालं, मॉर्फिया किती वाजता दिलं, रक्त थांबवायला पट्टा किती वाजता आवळला. युनिटजवळच्या मदत केंद्रात पहिली पट्टी, तिथून ड्रेसिंग स्टेशन, मग पुढचं सर्जिकल केंद्र, मग इथे. कार्डावर प्रत्येक हाताचं अक्षर वेगळं. एखाद्या कार्डावर शेवटचं अक्षर इतकं घाईचं असायचं की लिहिलेली वेळ वाचता येत नसे. मग जखमी शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारायचं.

रक्त काचेच्या बाटल्यांत. पठाणकोटची माणसं रक्त द्यायला यायची. एक भाजीवाला यायचा, दंड दाखवत उभा राहायचा. आदल्या वेळी घेतलं म्हणून परत पाठवला तर दुसऱ्या दिवशी टोपलीभर मुळे घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी हजर.

बैठक संपल्यावर आईने पाणी मागितलं आणि झोपली. संध्याकाळी बीपी मोजलं, ठीक होतं. तरी पुढच्या आठवड्यात सुट्टी.

२९ जून

तपासणीचं काम. आई म्हणाली होती, "जम्मूहून गाडीने जखमी यायचे." पण पठाणकोटहून जम्मूपर्यंत रेल्वे पोहोचली ती १९७२ साली. एकाहत्तरच्या डिसेंबरात जम्मूहून पठाणकोटला आगगाडी येणं शक्य नाही.

रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही, हे पक्कं. तिने जे म्हटलं ते तसंच राहील. उतरवलेल्या मजकुराच्या समासात टीप जाईल. मी तिला 'चुकलीस' म्हटलं नाही. "ती गाडी डोळ्यांपुढे आण, आत काय दिसतं?" एवढंच विचारलं. तिने डोळे मिटले. "डिझेलचा वास. मागची कॅनव्हास वर केलेली. चार स्ट्रेचर, वर दोन, खाली दोन." म्हणजे लष्करी अँब्युलन्स, माधोपूरच्या पुलावरून रस्त्याने आलेल्या. 'गाडी' म्हणताना तिच्या मनात मोटारगाडीच होती; आगगाडी माझ्या डोक्यातली.

ज्यांना घरातल्या कुणाचं असं काम करायचं आहे त्यांना सांगेन: तारखा आणि नावं बाहेर तपासता येतात. वास, स्पर्श, स्ट्रेचर कसं ठेवलं होतं, हे फक्त त्या माणसाकडे असतं. आपला प्रश्न तिकडे वळवावा.

६ जुलै

पत्रं.

हे येणार याची मला कल्पना नव्हती. संध्याकाळची औषधं झाली की आई वॉर्डात पत्रं लिहून द्यायची. कुणाचा उजवा हात प्लास्टरमध्ये, कुणाला लिहिता येत नव्हतं, कुणाला लिहवत नव्हतं. मराठी मुलांची मराठीत, बाकीच्यांची हिंदीत. निळं अंतर्देशीय मांडीवर, खाली औषधाच्या चार्टची पाटी. "तीर्थस्वरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, पत्र लिहिण्यास कारण की." पुढे ते सांगतील तसं. लिहून झालं की वाचून दाखवायचं, मग सही किंवा अंगठा.

सगळ्यांची पत्रं खुशालीची. एक मराठी जवान, सुरुंगावर पाय पडलेला. सीमेपलीकडे, पाकिस्तानातल्या शकरगडच्या पट्ट्यात सुरुंगांचे थरच्या थर पेरलेले होते, त्यामुळे पाय गेलेली मुलं फार आली. याचा डावा पाय गुडघ्याखाली काढला होता. त्याने सांगितलं, "लिहा, पायाला थोडं लागलंय, थंडी आहे म्हणून दवाखान्यात ठेवलंय." आईने विचारलं, "खरं लिहू का?" तो म्हणाला, "ऊस कारखान्याला जाऊ द्या ताई. तोडणी सोडून आई इकडं यायला निघंल. ऊस गेला की मीच कळवतो."

आईने त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं. थोडं लागलंय. त्याला पुढे पुण्याला, कृत्रिम अवयव केंद्रात पाठवलं. ते केंद्र १९४४ पासून आहे, आईने प्रशिक्षणात पाहिलेलं होतं. म्हणून तिने त्याला तिथे काय काय होईल ते नीट समजावून सांगितलं: आधी थोटका बरा होईल, मग माप घेतील, मग दोन बारमधून चालायला शिकवतील. ऊस गेल्यावर त्याने घरी काय कळवलं, हे तिला कधीच कळलं नाही.

"तुला का नाही सांगितलं इतकी वर्षं, विचारत होतीस ना," ती म्हणाली. "माझं असं त्यात काय होतं? सगळं त्यांचं. त्यांनी आपल्या आईला नाही सांगितलं ते मी माझ्या मुलांना सांगू?"

मी रेकॉर्डिंग बंद करू का विचारलं. तिने मान हलवली. बंद केल्यावर तिने आणखी एका पत्राबद्दल सांगितलं. ते इथे लिहीत नाही. कुठेच लिहिणार नाही.

१३ जुलै

बैठक नाही. आई म्हणाली, या रविवारी पुरणपोळी करू. केली.

२७ जुलै

१६ डिसेंबर. ढाक्यात दुपारी साडेचारच्या सुमारास जनरल नियाझींनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरांपुढे शरणागतीवर सही केली. त्र्याण्णव हजार युद्धकैदी. आपल्या सगळ्यांच्या मनात युद्ध तिथे संपतं, आणि मीही आईला विचारलं, "वॉर्डात काय केलंत त्या दिवशी?"

"त्या दिवशी? श्वास घ्यायला वेळ नव्हता."

पश्चिमेला युद्ध सुरूच होतं. त्याच शकरगडच्या पट्ट्यात, बसंतर नदीपाशी, सुरुंगक्षेत्र पार करून गेलेल्या आपल्या रणगाड्यांवर आणि पायदळावर पाकिस्तानचे प्रतिहल्ले चालले होते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पूना हॉर्स, वय एकवीस, त्याच १६ तारखेला तिथे धारातीर्थी पडले. ग्रेनेडियर्सचे मेजर होशियारसिंग तिथलेच. दोघांना परमवीरचक्र. पश्चिम आघाडीवर युद्ध थांबलं ते १७ डिसेंबरच्या रात्री आठ वाजता.

म्हणजे रेडिओवर ढाक्याची बातमी, बाहेर फटाके, कुणीतरी वॉर्डात लाडू वाटतंय, आणि दारात अँब्युलन्स लागतायत. आई सांगते की भाजलेले होते. रणगाड्यातून काढलेले. भाजलेल्या माणसाला तहान फार लागते, पण एकदम भरपूर पाणी द्यायचं नाही. कापूस ओला करून ओठांवर फिरवायचा. एकाने तिला विचारलं, "सिस्टर, हे आवाज कसले?" तिने सांगितलं, ढाका पडलं. त्याने हात उचलायचा प्रयत्न केला. हातांना पट्ट्या होत्या. तिने त्याच्या वतीने वॉर्डबॉयच्या हातातला लाडू घेतला आणि चिमूटभर त्याच्या जिभेवर ठेवला.

१६ डिसेंबरला आपण विजय दिवस पाळतो आणि पाळावाच. पण आईच्या या बैठकीनंतर मी घरच्या कॅलेंडरवर १७ तारखेलाही खूण केली आहे.

१७ ऑगस्ट

ट्रंक उघडली. एकाहत्तरच्या युद्धातल्या सेवेबद्दलचं संग्राम मेडल निघालं. कडेवर बारीक अक्षरांत हुद्दा आणि माहेरचं नाव कोरलेलं. नोंदवहीत दोन्ही नावं लिहिली, माहेरचं आधी. कुणी पुढे कागदपत्रं शोधली तर ती त्याच नावावर सापडतील. फोटो थोडेच आहेत. ६०० डीपीआयवर स्कॅन केले, मागच्या बाजूंसकट, कारण लिहिलेलं मागेच असतं. एका ग्रुप फोटोत केरळच्या सिस्टर आहेत. आई बराच वेळ त्यांच्याच चेहऱ्यावर बोट ठेवून होती.

मेडल घासून चकचकीत करायचं नाही. मऊ कोरडं कापड, आम्लरहित कागद, बस.

सप्टेंबर

गौरी-गणपती झाले. महिनाभर उतरवून घेण्याचं काम. एका तासाच्या आवाजाला सहा-सात तास जातात. आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर आईच्या मराठीपुढे अडखळतं, तिच्या एका वाक्यात इंदुरी मराठी, हिंदी आणि लष्करी इंग्रजी तिन्ही असतात. मी हातानेच लिहिते. ती जसं बोलते तसं. 'अपन लोग रातभर जागे असायचो' हे वाक्य सुधारून घेतलं तर ते आईचं राहणार नाही. दर पाच मिनिटांना समासात वेळ टाकते, म्हणजे मजकुरावरून आवाजाकडे परत जाता येतं.

२३ ऑक्टोबर

दिवाळीला दादा आला होता. भाऊबीजेच्या दुपारी त्याने आणि वहिनीने १५ जूनची बैठक ऐकली. दादा इंजेक्शनला लहानपणापासून घाबरतो, तो सुयांच्या भागाला उठून आईजवळ जाऊन बसला आणि तिचे हात हातात घेतले.

वहिनीने विचारलं, "मग सोडलंत का हो आई?" लग्न ठरलं आणि नोकरी सुटली. त्या काळी लष्करी परिचारिकेचं लग्न म्हणजे नोकरीचा शेवट असंच धरून चालायचे. पुढे १९७७ च्या लष्करी सूचनेत तर तसं स्पष्टच होतं. ती १९९५ साली मागे घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका माजी लष्करी परिचारिकेच्या खटल्यात असा नियम मनमानी ठरवला आणि तिला साठ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. तिने चष्मा मागितला आणि स्वतः पुन्हा वाचली. मग म्हणाली, "हे पण रेकॉर्डमध्ये घाल. मला सोडायची नव्हती."

घातलं. तिच्याच आवाजात, त्याच संध्याकाळी.

१६ नोव्हेंबर

परवानगीचा कागद आज पुरा झाला. आईने प्रत्येक बैठकीचा मजकूर वाचला आणि तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा केल्या. हिरवं: कुणालाही ऐकवा. निळं: घरातच. लाल: बंद.

प्रवास, ब्लॅकआउट, जखमा, सुया, १६-१७ डिसेंबर, लग्नाचं, सगळं हिरवं. केरळच्या सिस्टरांबद्दलचं काही निळं. पत्रांबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. ऊसवाल्या जवानाचं पत्र तिने आधी लाल केलं होतं. मी तिला समजावायला गेले नाही. दोन दिवसांनी तिनेच खोडून हिरवं केलं, पण अट घातली: नाव, गाव, पलटण, काही नको. त्याची मुलं-नातवंडं कुठेतरी असतील, त्यांना ते आपल्या माणसाकडून कळलेलं असेल किंवा नसेल, आपण कळवणारे कोण. ऐकवायच्या प्रतीत त्या ठिकाणी शांतता ठेवली आहे. मूळ फाइल बंद पाकिटात.

मुलाखती घेणाऱ्यांत संमतीपत्रावर सुरुवातीलाच सही घ्यायची पद्धत आहे. मला वाटतं, सही शेवटी घ्यावी, किंवा शेवटी पुन्हा घ्यावी. आपण काय काय सांगणार आहोत हे सांगण्याआधी माणसाला ठाऊक नसतं.

७ डिसेंबर

पहिलं जाहीर ऐकवणं. जागा म्हणून आमच्या भागातला छोटा हॉल. कुणाला बोलवायचं हे आईने ठरवलं: नर्सिंग शिकणाऱ्या मुली. "त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते," ती म्हणाली. लेकीच्या मैत्रिणीमार्फत तीसेक मुली आल्या, बऱ्याच हिंदी बोलणाऱ्या, म्हणून मराठी मजकुराचा हिंदी सारांश छापून वाटला. काही शेजारी, सुभेदार काकाही आले.

वीस मिनिटं ऐकवलं. नंतर एका मुलीने विचारलं, "आंटी, अंधारात कुणाचं इंजेक्शन झालं, कुणाचं राहिलं, हे कसं लक्षात ठेवायच्या? चार्ट तर दिसत नसेल."

आई खुर्चीत पुढे सरकली. हे कुठल्याच बैठकीत आलेलं नव्हतं. ज्यांचा बारा वाजताचा डोस बाकी, त्यांच्या खाटेच्या पायथ्याच्या दांडीला बँडेजची पट्टी बांधलेली असायची. डोस दिला की गाठ सोडायची आणि पट्टी खिशात. अंधारात दांडीवरून हात फिरवत जायचं. शेवटी खिशातल्या पट्ट्या मोजायच्या आणि चार्टाशी ताळा करायचा. तिने पर्समधून रुमाल काढून खुर्चीच्या हाताला बांधून दाखवला: एका हाताने ओढली की सुटेल अशी गाठ. मुली उठून भोवती जमल्या, दोघीतिघींनी ती गाठ घालून पाहिली. सुभेदार काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनींनी इतकी वर्षं आम्हालाच बोलू दिलं."

माइक चालू होता. ही आता पुढची बैठक म्हणून नोंदवली आहे, तीन प्रतींसह.

१४ डिसेंबर

मुलींनी जाताना प्रश्न कागदांवर लिहून ठेवले होते. आईने ते सगळे मागून घेतले, चष्मा लावून वाचले आणि क्रम लावला. रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असत, शुद्ध हरपलेल्या माणसाला खाऊ कसं घालत, मृत जवानाचं सामान कोण बांधत असे. शेवटच्या प्रश्नाच्या कागदावर तिने निळी खूण केली. पुढच्या रविवारी चार वाजता बसतोय. थंडी आहे, पंख्याचा प्रश्न नाही.